भटकी राहिली तर

“अहो, हात मागे घ्या आधी! कडीला हात लावायचा नाही म्हणून किती वेळा सांगायचं?”

स्वयंपाकघरातून बायको ओरडली तेव्हा लिफ्टमामाचा हात खरोखरच कडीवर होता. खाली दाराला नाक लावून भटकी बसली होती. उजाडल्यापासून तिने एकच सूर धरला होता, आणि तो सूर दाराच्या फटीतून, भिंतीतून, लिफ्टमामाच्या चहाच्या कपातूनसुद्धा येत होता.

“अगं, रडतेय ती.”

“रडू दे. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? रडल्यावर दार उघडलं, की रडलं म्हणजे दार उघडतं हे ती शिकणार. मग ते विसरायला दुप्पट दिवस. काल तुम्ही दोनदा फट केलीत, मी बघितलं.”

“नुसती वारा यायला.”

“फटीतून डोकं गेलं की मांजर गेलं. मग सांगा तुमच्या ताईला, वारा यायला गेली म्हणून.”

ताईचं नाव निघाल्यावर लिफ्टमामाने हात मागे घेतला. सगळं घोडं तिथेच तर अडलं होतं.

ताई त्याची थोरली बहीण. त्याच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी. नाल्यापलीकडे, गाव संपता संपता तिचं दोन खोल्यांचं बैठं घर होतं. पुढे अंगण, मागे पडकी भिंत, आणि त्या भिंतीवरून वाटेल तेव्हा येणारी-जाणारी ही राखाडी मांजर. दिवसभर कुठे उकिरडे फुंकायची देव जाणे, जेवायला मात्र घड्याळ लावल्यासारखी हजर. म्हणून ताईने तिचं नाव ठेवलं भटकी. ताई एकटीच राहायची आणि कोणी काही म्हटलं की “मला काय धाड भरलीय?” असं विचारायची. गेल्या महिन्यात ती न्हाणीत घसरून पडली. सकाळी पडलेली बाई संध्याकाळी दूधवाल्याला सापडली, तीसुद्धा भटकी खिडकीत उभी राहून कोकलत होती म्हणून. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात रॉड घातला आणि डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण वॉकरच्या चौकटीने. आणि यापुढे एकटं राहणं बंद.

“आता माझ्याकडे यायचं,” लिफ्टमामा म्हणाला होता.

ताईने छताकडे बघितलं. मग म्हणाली, “भटकीचं काय?”

“तिलाही आणू.”

“तिसऱ्या मजल्यावर? ती राहील होय कोंडून? बघ बाबा. भटकी राहिली तर मी राहीन. ती नाही राहिली, तर मला माझ्या घरी नेऊन सोडायचं. मग पडले-झडले तरी बोलायचं नाही.”

“ठरलं,” लिफ्टमामा म्हणाला. ताईचा शब्द म्हणजे शब्द, हे त्याला माहीत होतं. ती सुटून यायच्या आत मांजर घरात रुळवायची, एवढंच काम होतं. ते जमलं नाही तर ताई त्या न्हाणीत परत जाणार, आणि पुढच्या वेळी दूधवाला वेळेवर येईल याची काय खात्री?

खरं म्हणजे या कामाला त्याच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. तीस वर्षं तो एका जुन्या कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवत होता. दोन हात रुंद, दोन हात लांब पेटी, जाळीचं दार, पितळी मूठ आणि एक स्टूल. लोक त्याला म्हणायचे, “मामा, दिवसभर या डबीत जीव गुदमरत नाही का हो?” त्यावर तो नुसता हसायचा. नव्हता गुदमरत. बसायचं कसं, वेळ घालवायचा कसा, बाहेर काय चाललंय ते आवाजावरून ओळखायचं कसं, हे त्याला लहानपणापासून येत होतं. गंमत एवढीच, की जन्मभर लोकांना बसल्या जागी वर नेणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या चाळवजा इमारतीत लिफ्ट नव्हती. तीन मजले तो पायांनीच चढायचा.

त्याने भटकीसाठी काय नाही केलं? मोठ्या खोलीच्या खिडकीला तारेची जाळी ठोकली. बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “झालं, घराचीपण लिफ्ट केलीत. आता मूठ बसवा, म्हणजे वर-खाली फिरवून आणाल आम्हांला.” खिडकीशी रुंद फळी बसवली. वाळूची परात ठेवली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे खाण्याच्या आधी दोरीला चिंधी बांधून घरभर पळायचं, मांजर दमेपर्यंत. प्रत्यक्षात दमायचा लिफ्टमामा. सत्तावन्न वर्षांचा गडी पलंगाभोवती चिंधी ओढत धावतोय आणि मांजर कपाटावर बसून त्याच्याकडे तुच्छतेने बघतेय, हा खेळ रोज दोनदा व्हायचा.

भटकी वाळूत गेली, तिने मासळी खाल्ली, फळीवर मात्र ती बसली नाही. ती फिरत राहायची. दारापासून खिडकी, खिडकीपासून मोरी, मोरीपासून दार. पुन्हा दार. तिच्या फेऱ्या मोजत बसलेल्या लिफ्टमामाचे पायही हळूहळू स्वस्थ राहीनात. लिफ्टच्या स्टुलावर त्याचा गुडघा हलू लागला. एकदा त्याने पेटी मजल्यापेक्षा वीतभर वर थांबवली आणि हिशेबखात्याचे साहेब पडता पडता वाचले.

“मामा, बरं नाही का?”

“घरी मांजर आहे साहेब,” तो म्हणाला. साहेबांनी मान डोलावली, पण त्यांना काही कळलं नसावं.

त्या संध्याकाळी तो दवाखान्यात ताईजवळ बसला होता. ताई उशांना टेकून बसली होती, केस नीट विंचरलेले, आवाज नेहमीसारखा ठणठणीत.

“कशी आहे माझी बाई?”

“दाराशी बसून रडते गं. काळजाला घरं पडतात. कामावर निघतो तेव्हा तर असा टाहो फोडते, की मी कानांत बोटं घालून जिना उतरतो.”

“तिथेच चुकतंय तुझं, बारक्या.” केस पांढरे झाले तरी ताईसाठी तो बारक्याच होता. “पळून नाही जायचं. बाहेर पडलास की जिन्यात थांबायचं. चूं करायचं नाही, पण हलायचंही नाही. रडणं थांबलं की मग जायचं. तिचाही दिवस जातो, आपलाही जातो.”

“तुला गं काय माहीत?”

“घ्या! मला नाही तर कोणाला? तू काय कमी रडायचास?”

लिफ्टमामा बघतच राहिला. आई-वडील एका वर्षात गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. ताई बटणांच्या कारखान्यात जायची आणि त्याला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायची. दुसरा इलाज नव्हता. तो शहाणा मुलगा होता. तिच्या देखत कधी रडला नाही. तिच्या चपला जिन्यावरून वाजत खाली गेल्या, की मगच रडायचा. ताईला त्रास नको, एवढं त्याला तेव्हाही कळत होतं. पन्नासहून जास्त वर्षं त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आपली ही एक गोष्ट ताईला माहीत नाही, याचा त्याला थोडा अभिमानही होता.

“मी तू गेल्यावर रडायचो,” तो म्हणाला.

“मी कुठे जायचे? खालच्या पायरीवर बसून राहायचे. रोज उशीर. रोज मुकादमाची बोलणी.” ताई हसली. “तू म्हणायचास ना सगळ्यांना, आमची ताई हळूहळू चालते म्हणून तिला उशीर होतो, असं?”

म्हणायचा खरा. आख्ख्या आळीला सांगत फिरायचा. लिफ्टमामाने ताईच्या पायांवरची चादर सारखी केली, जी आधीच सारखी होती, आणि उगाच पाण्याचा तांब्या भरून आणला.

दुसऱ्या दिवसापासून तो जिन्यात थांबू लागला. भटकी पाव तास रडायची, मग दहा मिनिटं. दार उघडायला हात शिवशिवायचा, पण तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. लिफ्टवर पोचायला उशीर व्हायचा आणि खाली लोकांची रांग लागायची. आपण कोणाचा तरी उशीर फेडतोय असं त्याला वाटायचं, आणि बरं वाटायचं.

सगळं सुरळीत होतंय म्हणेपर्यंत त्याने स्वतःच्या हाताने घात केला.

सुट्टीचा दिवस होता. बायको गणवेश शिवायच्या कारखान्यात जादा कामाला गेली होती. लिफ्टमामाला खुर्चीत डुलकी लागली होती आणि भटकी दारापाशी अंग चोरून बसली होती. तेवढ्यात घंटा वाजली. तीस वर्षं घंटा वाजली की दार उघडायचं, हे त्याच्या हातात इतकं भिनलेलं, की डोकं जागं व्हायच्या आत हात उठला. त्याने कडी काढली, दार सताड उघडलं आणि अर्धवट झोपेत विचारलं, “कितवा मजला?”

दारात समोरच्या वहिनी वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांना हसू आवरेना. त्या हसत होत्या तेवढ्यात त्यांच्या पायांमधून एक राखाडी पट्टा सुटला आणि जिन्याच्या वळणावर नाहीसा झाला.

लिफ्टमामा अनवाणी धावला. रस्त्यावर उभ्या गाड्यांखाली वाकून वाकून बघितलं, कचऱ्याच्या पेट्या हलवल्या, “भटकी! ए भटकी!” म्हणून हाका मारल्या. भर रस्त्यात अशी हाक मारल्यावर दोन-चार बायकांनी वळून रागाने बघितलं. अंधार पडेपर्यंत तो फिरला. बायको घरी आली, मासळीची भरलेली वाटी तिने बघितली आणि ती झाकून ठेवली. तिने बोलून घेतलं असतं तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी ताईने विचारलं, “रुळली का?”

“रुळली,” लिफ्टमामा म्हणाला. “खिडकीत बसते आता.”

“बसते?”

“तासन्‌तास.”

ताईचा चेहरा जरासा पडला असं त्याला वाटलं. आपलं खोटं पकडलं गेलं, या भीतीने तो लगेच उठला आणि लिफ्टची वेळ झाली म्हणून निघाला. लिफ्टची वेळ केव्हाच संपली होती.

त्यानंतरच्या दिवशी काम सुटल्यावर तो घरी गेलाच नाही. पाय आपोआप नाल्याकडे वळले. मांजर माणसाची नसते, घराची असते, असं त्याने ऐकलं होतं. आता तेवढाच आधार होता. पूल ओलांडला, शेवटच्या दुकानावरून पुढे गेला आणि ताईच्या घराशी आला, तर भटकी तिथेच. भिंतीवर नाही, अंगणात नाही. बंद दाराच्या पायरीवर, दाराकडे तोंड करून. अंग मळलेलं, एक कान ओरबाडलेला. त्याला बघून ती पळाली नाही. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा दाराकडे.

तिला झटकन उचलून पिशवीत कोंबणं शहाणपणाचं होतं. पण तिचं ते दाराकडे बघणं त्याने ओळखलं. त्याच्याकडे ताईच्या घराची किल्ली होती. त्याने कुलूप काढलं आणि दार उघडलं.

भटकी आत गेली. पलंगावर चढली, हुंगलं, उतरली. चुलीपाशी गेली. न्हाणीच्या उंबऱ्यावर बराच वेळ थांबली. मग पुन्हा पलंग, पुन्हा चूल, पुन्हा न्हाणी. प्रत्येक फेरीला एक हाक. लिफ्टमामा जमिनीवर बसून बघत होता. कोनाड्यात ताईचा चष्मा होता, दोरीवर वाळून कडक झालेला टॉवेल होता, आणि या दोन खोल्यांत आपली बहीण एक आख्खा दिवस फरशीवर पडून कोणाला तरी हाका मारत होती, हे त्याला त्या मांजरीच्या आवाजात पहिल्यांदा नीट कळलं. त्याला रडू आलं. इथे लपवायला कोणी नव्हतं, म्हणून तो पोटभर रडला.

हाका कमी होत गेल्या. शेवटी भटकी त्याच्याजवळ आली आणि पिशवीवर बसली. पिशवीत नाही, पिशवीवर. त्याने पलंगावरची ताईची जुनी शाल ओढली, तिच्यात तिला गुंडाळलं आणि छातीशी धरून घरी नेलं. वाटेत ती हललीसुद्धा नाही.

बायकोने दार उघडलं. “आली का भटकभवानी?” एवढंच ती म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. मग कानाला हळद लावायला ती खाली बसली. शाल खिडकीच्या फळीवर अंथरली गेली आणि भटकी तिच्यावर निजली. दाराशी गेली नाही ती नाहीच. चारच दिवसांत ती खिडकीत अशी बसू लागली, की जणू खालच्या रस्त्याची पाहणी करायला सरकारने तिलाच नेमलंय. समोरच्या कबुतरांवर दात वाजवायची, जेवणाची वेळ झाली की बायकोच्या पायांत घोटाळायची. लिफ्टमामाचं खोटं खरं झालं.

ताईला आणलं त्या दिवशी दोन हमालांनी तिला खुर्चीत बसवून तीन मजले वर चढवलं. प्रत्येक वळणावर ती मागे वळून खाली बघत होती. “हे उतरायचं कसं रे?” तिने एकदा विचारलं. हमाल म्हणाला, “आजी, आधी चढू तर द्या.” सगळे हसले. ताईही हसली.

चौकटीचा आधार घेत ती आत आली. फळीवर भटकी होती. तिने ताईकडे बघितलं, उठली, उडी मारून आली आणि तिच्या पायांना अंग घासू लागली, एकदा या बाजूने, एकदा त्या. मग जी वळली ती सरळ पुन्हा फळीवर जाऊन शालीवर पसरली.

“लबाड,” ताई म्हणाली. “राहिलीस होय?”

“राहिली की!” लिफ्टमामाला आनंद मावत नव्हता. “दाराकडे ढुंकून बघत नाही आता. तुझीच अट होती ना?”

“माझीच होती.” ताई पलंगावर टेकली. बायको पाणी आणायला आत गेली होती. ताई हलक्या आवाजात म्हणाली, “खरं सांगू, बारक्या? मला वाटलं होतं, ती नाही राहायची. तिच्या भरवशावर होते मी.”

लिफ्टमामाचा आनंद जागच्या जागी बसला. एवढे दिवस तो जी गोष्ट जिंकायला धडपडत होता, ती ताई हरायला बसली होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

“म्हणजे तुला...”

“आता काय त्याचं? शब्द दिला, संपलं.” तिने पदर नीट केला. “अगं, चहा ठेव. आलेय तर पाहुणचार होऊ दे.”

ताईने शब्द पाळला. कुरकुर नाही, तोंड वाकडं नाही. बायकोच्या हाताला चव आहे म्हणाली, भाजी निवडून दिली, गणवेशांची बटणं लावून दिली, तीही इतकी पक्की की बायको म्हणाली, “वन्सं, पोरांची कापडं फाटतील पण तुमचं बटण निघणार नाही.” पण भटकीच्या फेऱ्या थांबल्या होत्या आणि चौकटीचा टकटक आवाज घरभर फिरू लागला होता. पलंगापासून मोरी, मोरीपासून खिडकी, खिडकीपासून दार. जेवताना, टीव्ही बघताना, बोलता बोलता ती उठायची. “पाय आखडतात रे,” म्हणायची. डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलंच होतं, त्यामुळे कोणाला काही बोलता येत नव्हतं.

एके सकाळी बायको लवकर कामावर गेली. लिफ्टमामा डबा घेऊन निघाला तर ताई दाराशी उभी. अंगावर बाहेरचे कपडे, पायांत चपला. त्याला बघून तिने आपल्याच पायांकडे पाहिलं, जणू त्या चपला कोणी दुसऱ्याने घातल्या होत्या.

“कुठे निघालीस?”

“कुठे जाणार? तीन मजले.” तिने चौकटीवर भार टाकला. “काल तुम्ही दोघं गेल्यावर दोन पायऱ्या उतरले होते मी. मग वर यायला पाऊण तास लागला. कठड्याला धरून बसून बसून.”

“ताई! पडली असतीस म्हणजे?”

“म्हणून तर सांगतेय. जाताना बाहेरून कडी लाव.”

“भलतंच काय? भटकी आता नाही जात दाराशी.”

“तिचं नाही रे बोलत मी,” ताई म्हणाली.

तो दारातच उभा राहिला. “नाही लावणार,” त्याने कसंबसं म्हटलं. “तुला घरी जायचं असेल तर मी आज सुट्टी घेतो. नेऊन सोडतो.”

“आणि पुन्हा पडू? पुन्हा तू दवाखान्याचे उंबरे झिजवणार?” तिचा आवाज करडा झाला, लहानपणी व्हायचा तसा. “मला कळत नाही असं समजू नकोस. कळतं सगळं. पायांना कळत नाही अजून. त्यांना कळेपर्यंत लाव. कुलूप नको, नुसती कडी. समोरच्या वहिनींना सांगून ठेव, दुपारी डोकावतील.”

“आणि तुला कोंडल्यासारखं...”

“कोंडल्यासारखंच वाटणार. त्याला काय करतोस? तुला नाही वाटलं? झालास ना मोठा?” तिने हात पुढे करून त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. “जा. लोक खाली खोळंबले असतील.”

लिफ्टमामाने समोरच्या दाराची घंटा वाजवून वहिनींना सांगितलं. मग वळून आपलं दार ओढलं. तीस वर्षं हजारो वेळा दार ओढणाऱ्या हाताने त्याने कडी कोयंड्यात बसवली.

तो जिन्यात भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आत आधी काहीच आवाज नव्हता. मग टकटक सुरू झाली. ती दारापर्यंत आली आणि थांबली. दाराच्या त्या बाजूला तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. कडीला हात घालावासा वाटला. त्याने डब्याची मूठ घट्ट धरली.

बऱ्याच वेळाने टकटक पुन्हा सुरू झाली आणि लांब लांब, खिडकीच्या बाजूला जात राहिली.

“सरक गं तिकडे,” आतून ताईचा आवाज आला. “सगळी खिडकी तुझ्या एकटीची आहे का? मला बसू दे जरा.”